सतरा नंबरची शेगडी

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत. त्यांच्या गुडघ्यांना इथल्या सपाट वाटा मानवल्या आहेत. आठ महिन्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

वसाहतीला या महिन्यात दोन वर्षं झाली. चाळीस घरं, एक भोजनगृह, आणि एकाही घरात स्वयंपाकघर नाही. नकाशा माझा, हे तुला माहीत आहे. सगळ्यांनी एका छपराखाली जेवावं, कोणा एकीच्या गळ्यात रोजचा स्वयंपाक पडू नये, एवढाच हेतू होता. तो साधला आहे. बाबांच्या शेजारची शिंपीण सांगते, लग्नानंतर पंचवीस वर्षांनी ती पहिल्यांदा बसून गरम जेवते आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

विजेचे आकडे मी बघते. सतरा नंबरच्या घरात महिनाभर रोज दुपारी चारला वापर वाढत होता. मीटर बिघडला असेल असं धरून मी समितीला कळवलं आणि मग तपासायला गेले. सतरा नंबर बाबांचं घर आहे. आधी जायला हवं होतं.

न्हाणीघरात उलट्या बादलीवर विजेची शेगडी, तिच्यावर पातेलं. पलंगावर पाच जण हातात कप घेऊन ओळीने बसलेले, शाळेत उशिरा आल्यासारखे. शिंपीणही त्यांत होती.

"या, इंजिनियरबाई," बाबा म्हणाले. "साखर किती?"

"बाबा, भोजनगृहात चहा दिवसभर मिळतो."

"मिळतो ना. पण तिथे कुणाला 'बस, चहा टाकतो' असं म्हणता येत नाही ग मला. तिथे मीही पाहुणाच."

मी चहा घेतला. जास्त उकळला होता.

घरात शेगडी सापडली तर घर सोडायचं, असा नियम आहे. त्याचा मसुदाही माझाच. काल सभा झाली. अध्यक्षांनी मला वाट करून दिली: "मीटर बिघडलाय, एवढं लिहून दे. विषय संपला." बाबा खाली बघत होते. मी म्हटलं, मीटर बरोबर आहे, नकाशा चुकला आहे, प्रत्येक घरात एक ओटा हवा. मतं घेतली. आम्ही चार मतांनी हरलो. आमच्या बाजूने पहिला हात शिंपिणीचा होता.

परतताना बाबा म्हणाले, "एक थाप मारली असतीस, तर घर राहिलं असतं की!" मग हसले. "शेगडी मात्र न्हाणीघरातच राहिली असती."

त्यांना महिनाअखेर घर सोडायचं आहे. ते तुझ्याकडे यायला तयार आहेत. 'बाबांना स्वतःची शेगडी लागते' असं तू म्हणाली होतीस, तेव्हा मी हसले होते. तू बरोबर होतीस. हे लिहायला मला पत्राच्या शेवटापर्यंत यावं लागलं.

मला कुणी जा म्हटलेलं नाही. माझं घर आहे, काम आहे. तरी सकाळी मी माझी पेटी भरली.

तुझी मागची खोली दहा बाय आठ आहे. दोघांना कमी पडेल, मी हिशेब करून पाहिला. तरीही विचारते आहे.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी धाकटी