शेवंताचे दात

वडनेर भोलजी, सोमवार, १९६८

आज शाळेत शेवंताची आई आली. भांडली असती तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाली, "बाई, पोरीले आता दातावरून बोलू नका. राखेनं घासू घासू तिनं हिरड्या सोलून घेतल्या."

शनिवारी स्वच्छता तपासताना मीच तिला वर्गापुढे उभं केलं होतं. दात पिवळे-करडे. "घासायचा कंटाळा येतो का गं?" म्हटलं. पोरं हसली. तिनं तळहातानं तोंड झाकलं, तर मी तो हातही ओढून बाजूला केला. का केला?

नांदुऱ्याचे डॉक्टर आईला म्हणाले, हा मळ नाहीच. शेवंता तीन वर्षांची असताना सारखा ताप यायचा, तेव्हा टेट्रासायक्लिन पुष्कळ पाजलं गेलं. हिरडीच्या आत दात घडत असतानाच ते औषध त्यांना रंगवतं; तो रंग मग जात नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊच नये. आईला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं?

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. "चूक माझी होती, शेवंता. उद्या वर्गातही सांगेन." तिनं मान हलवली. तळहात तोंडावरच. तो हात मी ओढला होता.

मग हळूच म्हणाली, "बाई, मंग हे दात पांढरे कधी होतीन?"

आईनं तिला सांगितलेलं नव्हतं. आई चुलीकडे वळली.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. मला माहीत होतं.