ऊस सगळ्यांचा, बाग तुझी एकटीची

सांगली,
६ मे १९७३

प्रिय अक्का,

इतके दिवस तुला लिहिलं नाही, राग मानू नकोस. पौषात तू गेलीस, आता वैशाख लागला. रोजनिशी लिहिणं चालू होतं, पण त्यात तुझं नाव आलं की मी घाईने पुढच्या ओळीवर जायचे. आज संध्याकाळी वही उघडली, तारीख घातली आणि खाली 'प्रिय अक्का' असंच लिहिलं गेलं. आता मागे फिरत नाही.

तू होतीस तेव्हा माझी पत्रं तुला आधी विलास वाचून दाखवायचा आणि तो फौजेत गेल्यावर सुमन. तुझी शाळा चौथीत सुटलेली, माझं अक्षर तुला लागायचं नाही. म्हणून मी जपून लिहायचे. सुनेच्या तोंडून सासूला काय काय ऐकवणार? आज मधे कोणी नाही. तेव्हा मोकळेपणाने लिहिते आणि आधीच सांगते, गोड लिहिणार नाही.

काल आष्ट्याला गेले होते.

अक्का, तुझ्या परसबागेत चिखल झालाय! असल्या दुष्काळात! ओढा कोरडा ठणठणीत, बायका ओढ्याच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने घागर भरतायत, आणि तुझ्या मोगऱ्याच्या बुडात पाऊल रुततंय. एस.टी.तून उतरून घराकडे वळले तेव्हाच इंजिनाचा आवाज आला. मला वाटलं उसाला पाणी चाललंय. नाही. विहिरीवरून काळा पाइप ओढून थेट तुझ्या बागेत सोडलाय.

तू असताना हा पाइप कधी कुंपणाच्या आत आला होता का गं?

तुला आठवतं, पहिल्यांदा पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षी दाजींनी सांगितलं होतं, विहिरीचं पाणी प्यायला आणि उसाला, बाकी कशाला नाही. तू "बरं" म्हणालीस. भांडली नाहीस, रुसली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून घागर घेऊन ओढ्यावर जायला लागलीस. मी सुट्टीत आले होते, चिडून म्हटलं, "अगं, विहीर घराला लागून आहे आणि तू ओढ्यावर कुठे जातेस? माग की दाजींना थोडं पाणी."

तू पदर खोचत म्हणालीस, "ऊस सगळ्यांचा हाय, बारके. बाग माझी एकटीची."

या वाक्याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं! आता ते आठवलं की राग येतो. तुझा येतो, हो, तुझाच. त्या बागेतलं लिंबू कोण खात होतं? मिरची कोणाच्या भाकरीबरोबर जात होती? डाळिंब पाहुण्यांना, मोगऱ्याची फुलं देवाला, अळू सगळ्या गल्लीला. मग बाग तुझी एकटीची कशी झाली?

खरं सांगते, तुझी ती कला बघत बसावंसं वाटायचं. भांडी राखेने घासायची आणि ते पाणी वांग्यांना. साबणाचं पाणी वेगळं, ते फक्त केळीला. तांदळाचं धुवण मोगऱ्याला. लिंबाच्या दोन्ही बाजूंना पिचलेली मडकी पुरून ठेवलेली, त्यांत दिवस मावळल्यावर तांब्याभर ओतायचं, की रात्रभर मुळाशी ओल झिरपत राहायची. वर उसाच्या पाचटाचा जाड थर, म्हणजे ऊन मातीला शिवायला नको. आणि पाहुण्यांचं ते! सुमनला बघायला आपण गेलो, त्यानंतर तिच्याकडची मंडळी आष्ट्याला आली होती. तिचे मामा जेवून उठले, चूळ भरायला मोरीकडे निघाले, तर तू मधे उभी!

"पावनं, तिकडं नगा. हिकडं डाळिंबाच्या बुडात टाका चूळ."

मामा गोंधळले. "आवं, झाडात कशी टाकायची?"

"टाका बिनघोर. डाळिंब लागलं की पयलं तुमास्नी धाडते."

दाजी ओरडले, "आगं, पावन्यांची तरी लाज राख!" आणि सगळी ओसरी हसली. सुमनचे मामा परत जाताना मला म्हणाले, "पोरगी चांगल्या घरात पडली." ते गृहस्थ आता जतच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडतायत. सुमनचे आईवडीलसुद्धा तिथेच.

मी तुझी ही रीत सगळीकडे सांगत फिरले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या महिला मंडळात 'घरची बाग आणि पाण्याची काटकसर' यावर बोलले. बंगल्यापुढच्या हिरवळी जळत होत्या म्हणून बायका हवालदिल झाल्या होत्या. मी राख सांगितली, मडकी सांगितली, पाचट सांगितलं. टाळ्या पडल्या. एका बाईने विचारलं, "पण हे सगळं करतं कोण हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "करणारी असते." त्या दिवशी घरी येऊन रोजनिशीत लिहिलं की भाषण चांगलं झालं.

पुढे पौष आला. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. त्यांनी दाजींना विचारलं, "यांना घरी जड काम काही असतं का?"

दाजी म्हणाले, "न्हाई ओ डॉक्टर. घरातच असत्यात. बागंला पाणी घालायचं, तेवढंच."

खोटं बोलले नाहीत ते. त्यांना खरंच तेवढंच दिसलं होतं. ओढ्यातून वर येणारी चढण त्यांना दिसलीच नव्हती, कारण तू त्यांना कधी ती दिसू दिली नाहीस. आणि तू? खाटेवर पडून मान हलवलीस. "व्हय, तेवढंच." का गं? मरताना तरी खरं बोलायला काय हरकत होती?

कालचं सांगते. दाजी निंबाखाली बाजेवर बसले होते. मला बघून उठले. "या मास्तरीणबाई! बगा, तुमच्या भनीची बाग कशी ठिवलीया!"

बघितली. अर्धी बाग सपाट केलीय आणि तिथे हरळी लावलीय. हरळी, अक्का! जन्मभर उसातली हरळी खणून खणून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले, त्या माणसाने हरळी आणून लावलीय, कारण कुठल्याशा बंगल्यापुढे तशी हिरवळ पाहिली. तुझ्या वर्षश्राद्धाला मोठी मंडळी येणार, त्यांना बसायला बरं. मधोमध तुझ्या नावाचा दगड बसवायचा आहे म्हणे. पाचट सगळं काढून जाळलं. मडकी उपसून कुंपणापाशी ढीग करून टाकलीत. आणि उसाला सोडतात तसा पाट सोडलाय. या माणसांना पाणी द्यायचं म्हणजे वाफा तुडुंब भरायचा एवढंच ठाऊक. लिंबाची पानं पिवळी पडून गळतायत. मोगरा बुडात काळा पडलाय. तहानेने जे मेलं नाही ते आता बुडून मरतंय.

कुंपणापलीकडे हौसाबाई उभी होती, तुझी ओढ्यावरची जोडीदारीण. काखेत रिकामी घागर. मला म्हणाली, "बगितलं न्हवं? जित्ती हुती तवा बाईला तांब्याभर न्हाई. आता पाट सोडल्यात."

दाजींनी ऐकलं. "हौसे, तू गप जा आपल्या वाटंनं!"

"जाती की. वाट कोरडी हाय आमची, पाय घसरायचं भ्या न्हाई."

मग मीही सुटले. म्हटलं, "दाजी, बंद करा ते इंजिन. गावात घागरीला पाणी नाही आणि इथे गवताला पाणी? अक्काला हे आवडलं असतं? तिने कधी एक थेंब वाया घालवला का?"

ते पुन्हा बाजेवर बसले. म्हातारे दिसले गं एकदम. म्हणाले, "तिच्यासाटनीच करतोय न्हवं? ती असताना झालं न्हाई, म्हून करतोय." डोळे भरले होते त्यांचे. मला वाईट वाटलं, पण थांबवावंसं वाटलं नाही. तेवढी मी कडू झालेय.

ते उठले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता पाइप कुंपणापाशी नेतील, हौसाबाईची घागर भरेल. पाइप गुंडाळला आणि गड्याला हाक मारली, "उसाकडं लाव रं!"

आणि मग ओसरीकडे वळून म्हणाले, "सुमन, उद्यापास्नं तुज्या सासूवानी करायचं. झिऱ्यावरनं घागर आणायची, तांब्या-तांब्यानं घालायचं. मास्तरीणबाईंचा हुकूम हाय."

सुमन दारात उभी होती. सातवा महिना लागलाय तिला. "व्हय मामंजी," म्हणाली.

मी म्हटलं, "अहो दाजी, तिचे दिवस बघा की!"

"तुमची अक्का विलासच्या येळंला नवव्या म्हयन्यापतूर पाणी व्हात हुती. इचारा की कुनालाबी."

कोणाला विचारू? तुलाच विचारते. खरं आहे हे? आणि तू ते हौसेने सांगत फिरलीस ना सगळ्यांना?

याच्यापुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. गाडीला अजून अवकाश होता. सुमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, आत्याबाईंची रीत तेवढी सांगून जावा. माझ्या हातनं काय चुकलं तर मामंजी म्हनतील, सासूवानी जमत न्हाई हिला."

आणि मी सांगितली! तिला बागेत घेऊन गेले. ढिगातलं एक धड मडकं शोधून लिंबाच्या बाजूला पुरून दाखवलं. किती ओतायचं, कधी ओतायचं, सगळं नीट समजावलं. शिकवायची सवय ना! ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. दोनदा खाली वाकली, दोनदा भिंतीला धरून उठली. ते मला दिसत होतं आणि मी पाचटाचा थर किती जाड हवा ते सांगत होते.

गाडी मिरजवाडी ओलांडून पुढे आली तेव्हा कुठे माझं मलाच कळलं, की तुझा मान राखायला गेले आणि तुझी घागर त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून आले.

अक्का, तुझ्या मडक्यांत, राखेत, पाचटात काही चूक नव्हती. असल्या वर्षात शहाण्या माणसाने तसंच वागायला हवं. पण ती काटकसर सगळ्या घराने केली असती तर! तू एकटीने केलीस आणि ऊस आपला पीत राहिला. तू जेवढं वाचवलंस तेवढं त्याला मिळालं. एकदा तरी "मला पाणी द्या" म्हणाली असतीस, तर आज सुमनला म्हणता आलं असतं. तू न मागता भागवून दाखवलंस, आणि आता त्या घरात सुनेने न मागता भागवायचं असतं, असा नियम झाला. हे मी तुझ्यावर अन्यायाने लिहितेय का? असेलही. तुला मागता येत नव्हतं, कारण मागून मिळेल असं तुला त्या घरात कधी वाटलंच नसेल. मग मी जे तुझ्यावर चिडतेय ते मला दाजींवर पुरतं चिडता येत नाही म्हणून. त्यांचे भरलेले डोळे आड येतात. तुझे डोळे आता आड येत नाहीत, म्हणून तुला बोलते. मेलेल्या माणसाला बोलणं किती सोपं असतं!

कालपासून विचार करतेय. पाइप सोडायला सांगितलं तर गावाचं पाणी गवतात जातं. बंद केला तर सुमन झिऱ्यावर जाते. तिला माहेरी पाठवावं, तर माहेर खडीच्या ढिगावर बसलंय. विलासला लिहिलं तर पत्र पोचून उत्तर यायला ती मोकळी होऊन जाईल. राहता राहिलं माझं घर. इथे नळाला दिवसाआड पाणी येतं, पण येतं. 'हे' काही म्हणणार नाहीत. दाजी म्हणतील. सासर सोडून सासूच्या बहिणीकडे बाळंतपण, हे आपल्यात कुठे होतं, असं सगळं आष्टं म्हणेल. म्हणू दे.

तुझ्या बागेचं काय, असं तू विचारशील. अक्का, मन घट्ट करून ऐक. मी ती जगवणार नाही. लिंबू जाईल, मोगरा जवळजवळ गेलाच आहे. तुझ्या हातचं काही उरावं असं मला वाटत नाही का? माझ्याइतकं कोणाला वाटणार? पण तुझ्या झाडांसाठी आता दुसरी कोणी ओढा चढणार नाही, एवढा शब्द तुला देते. दाजींना बाग हवी असेल तर घागर त्यांनी उचलावी. तेही मी त्यांना तोंडावर सांगेन, त्यांचे डोळे भरले तरी.

रागावलीस तर रागाव.

तुझी,
बारकी

उद्या : पहिल्या एस.टी.ने आष्टा. ऊन चढायच्या आत सुमनला घेऊन निघणे.