व्हर्नाच्या चांदण्या, डेल्मरचे खोके

टॉलेफसन फार्म, लिंड्सबी, विस्कॉन्सिन
डिसेंबरचा दुसरा सोमवार

आदरणीय आर्लीनवन्संना,

धाकट्या भावजयीचा हात जोडून (आणि बाहेर पारा शून्याखाली असताना हातमोजे काढून, म्हणजे बघा किती मान देते) नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी चढउतार करू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही खिडक्या पुसायला स्टुलावर चढता, हे मला आयोवात न येताही कळतं. डॉक्टरांचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं, ही टॉलेफसन घराण्याची जुनी खोड. माहेरचं वळण, दुसरं काय! तर पत्रास कारण तुमचे बंधुराज.

लग्न झाल्यापासून दर नाताळला डेल्मर मला क्रिस्टलची एक चांदणी देतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या वर्षाचा आकडा कोरलेली, निळ्या खोक्यात, सोबत कंपनीचं प्रमाणपत्र. (मुळात हा नाद तुम्हीच लावलात, पण जाऊ दे. नणंदेला बोल लावायचा नाही असं मी ठरवलंय.) देतात म्हणजे कसं देतात, तेही ऐका. मी झाकणाच्या पारदर्शक कागदातून ती बघायची, 'अगंबाई, किती सुरेख' म्हणायचं, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खोका तळघरात. खोका उघडला की किंमत निम्मी, चांदणी टांगली की किंमत शून्य, हा त्यांचा सिद्धान्त. ही आपली म्हातारपणाची काठी आहे म्हणतात. म्हणजे भेट माझी, ताबा त्यांचा, आणि झाडावर काय, तर आमच्या ब्रिटाने बालवाडीत केलेले मॅकरोनीचे देवदूत. त्यातल्या एकाचं डोकं उंदराने खाल्लं, तरी त्याला दर वर्षी टांगतोच. वन्सं, माझं मागणं फार नव्हतं हो. माझ्या चांदण्या माझ्या झाडावर एकदा दिव्यांत चमकताना बघायच्या, एवढंच.

यंदा ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात 'घरातलं जुनं आणा, किंमत जाणून घ्या' असा कार्यक्रम ठेवला होता. मिलवॉकीहून झेलिन्स्की नावाच्या जाणकार बाई आल्या होत्या. बंधुराजांनी रविवारचा सूट चढवला, खोके पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवून त्यांना पट्टा बांधला आणि मला म्हणाले, 'तू मार्डेलच्या गाडीतून ये.' (मार्डेल म्हणजे आमची शेजारीण. तिचा लेमन केक तुम्ही खाल्लाय आणि नावंही ठेवलीत.) तिथे बघते तर काय, अर्ध्या गावाच्या मांडीवर तेच निळे खोके! मार्डेलच्यासुद्धा. झेलिन्स्कीबाईंनी आमची चांदणी पाहिलीसुद्धा नाही. खोका उलटा केला मात्र, आणि त्यांचा चेहरा पडला. खोक्याच्या बुडाला तुमच्या भावाने आपल्या नावापत्त्याचं लेबल चिकटवलं होतं. एकूण एक खोक्याला! देणगी मागणाऱ्या संस्था फुकट पाठवतात ना, लाल पक्ष्याचं चित्र असलेली, तीच. फेकवत नाहीत, म्हणून आम्ही ती बर्फाच्या फावड्यापासून कवळीच्या डबीपर्यंत सगळ्याला लावतो. वादळात घर उडालं तर चांदण्या ज्याला सापडतील त्याने आणून द्याव्यात, असा बंधुराजांचा दूरचा विचार.

मग बाईंनी सगळ्या चांदण्यांचा मिळून जो आकडा सांगितला, त्यात ट्रॅक्टरचं एक टायरही आलं नसतं. डेल्मर अंगठ्याच्या नखाने लेबल खरवडायला लागले. बाई भल्या होत्या. समजूत घालायला म्हणाल्या, 'लेबलाचं एवढं मनाला लावून घेऊ नका हो. खरी अडचण अशी की सगळ्यांनीच जपून ठेवल्यात. लोकांनी झाडाला टांगल्या असत्या, मांजरांनी त्यातल्या चार फोडल्या असत्या, तर उरलेल्यांना भाव आला असता.' हे त्या माइकवर बोलल्या, वन्सं. अख्ख्या गावाने ऐकलं.

घरी येऊन मी म्हटलं, चला, काठी मोडली, आता तरी चांदण्या टांगू या. तर म्हणतात, 'थांब व्हर्ना, आता तर भाव वाढायचाय.' आणि तडक गोठ्यात गेले. गोठ्यातल्या करड्या मांजरीला आणि तिच्या लेकींना तेव्हा नुकती पिल्लं झाली होती. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मार्डेलचा केकचा ट्रे आमच्याकडे राहिला होता. पिल्लं दूध प्यायला लागली तशी बंधुराजांनी त्यात स्वच्छ टॉवेल अंथरला, वर एक पिल्लू ठेवलं आणि ट्रे नेऊन दिला. भांड्यातून आलेल्याला नको म्हणणं म्हणजे अपमान, त्यामुळे मार्डेल बिचारी 'अगंबाई, एवढं कशाला' म्हणत पिल्लू घेऊन आत गेली. वर यांनी तिला उपदेश केला, 'वस्तू वापरण्यासाठी असतात मार्डेल, आयुष्य काय पुन्हा पुन्हा मिळतं? टांग तुझ्या चांदण्या.' हे तत्त्वज्ञान माझ्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं! मग काय, ज्याच्या ज्याच्या मांडीवर निळा खोका दिसला होता त्या प्रत्येकाचं भांडं हुडकून काढून ते पोचवत सुटले. लोक म्हणायला लागले, म्हातारपणी डेल्मर किती प्रेमळ झालाय.

पण झेलिन्स्कीबाईंचं ते माइकवरचं बोलणं मार्डेलनेही ऐकलं होतं ना! आठवड्याने आमची टोपली परत करायला आली, तर टोपलीत तांबडा बोका. तिच्या बहिणीच्या गोठ्यातला, चांगला दांडगा. 'दुपारची एकटी असतेस ना व्हर्ना, सोबत होईल,' म्हणाली आणि आमच्या तळघराच्या दाराकडे बघून गोड हसली. मीही गोड हसले आणि बोका घेतला. न घेऊन सांगते कुणाला? सध्या लिंड्सबीत ज्याच्या त्याच्या दारातून मांजर डोकावतंय आणि चांदण्या सगळ्यांच्या अजून खोक्यातच आहेत.

माझा मात्र संयम संपला. गेल्या शनिवारी बंधुराज आमच्या पाद्रीबाईंचं बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं भांडं घेऊन (आत पिल्लू, सांगायला नकोच) बाहेर पडले, तशी मी तळघरात उतरले, खोके वर आणले आणि एकेक चांदणी झाडाला टांगली. कंपनीने बांधलेल्या रेशमी दोऱ्या अजून कोऱ्या करकरीत होत्या. दिवे लावले आणि मी कोचावर बसून रडले, खोटं कशाला सांगू? काय दिसत होत्या हो! डेल्मर आले ते बर्फाचे बूट घालूनच गालिच्यावर उभे राहिले. (आपल्या आयुष्यात त्यांनी हे कधी केलेलं नाही.) मी भांडणाची पुरती तयारी ठेवली होती. ते पुढे झाले आणि एक चांदणी बोटाने हलकेच फिरवून म्हणाले, 'असं दिसतं होय ते!' मग कॉफी घेऊन खुर्ची झाडासमोर ओढून बसले ते जेवायलासुद्धा उठेनात.

रविवारी आम्ही चर्चमधून परत येतो तर तांबड्या बोक्याने आपलं काम केलेलं. एकच फुटली, पण नेमकी ब्रिटाच्या वर्षाची. तुम्हाला आठवत असेल, ब्रिटा झाली तेव्हा असाच नाताळ होता आणि रस्ता बंद होईल एवढा बर्फ. तुमचे बंधू ट्रॅक्टरवरून दवाखान्यात आले, कोटाच्या आत चांदणीचा खोका जपून, आणि बाळाच्या कपड्यांची पिशवी घरीच विसरून. पोर घरी आली ती बापाच्या फ्लॅनेलच्या शर्टात. लहानपणी ती तळघरात जाऊन 'माझी चांदणी' म्हणत त्या खोक्यासमोर बसायची. आता नाताळला येतेय, आल्या आल्या तीच शोधणार. डेल्मरनी काचा उचलल्या आणि म्हणाले, 'चला, आता बाकी लोकांच्या चांदणीचा भाव वाढला.' पण त्यांना हसू आलं नाही आणि मलाही. आज सकाळी कॉफी पिताना त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. मी आयुष्यभर त्या खोक्यांवरून त्यांना टोमणे मारले, पण ही पाठमोरी खुर्ची काही मला बघवत नाही.

असो. गुडघ्याला जपा. लेफ्से (यंदा बटाटा चांगला निघाला, पोळ्या मऊ झाल्यात) वेगळ्या पार्सलने पाठवते आहे, बटर लावून खा, साखर नको.

तुमची,
व्हर्ना

ता. क. आता खरं काम. त्या वर्षाची चांदणी तुमच्याकडे आहे. कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या खाली. (नाही म्हणू नका, मागच्या खेपेला उशी शोधताना मी पाहिली.) ती मला नाताळच्या आत पाठवा. खोका तुमच्याकडेच राहू द्या हवं तर. आणि यांना कळू देऊ नका, उगाच तुमच्यापुढे मान खाली घालतील. तुमचं भांडं मी रिकामं परत करणार नाही. करड्या मांजरीचं एक पिल्लू उरलंय.

दुसरा ता. क. (अक्षर वेगळं आहे, घाबरू नकोस.) ताई, मी डेल्मर. व्हर्नाने तिकीट लावायला पत्र माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायची विसरली. तुझी चांदणी पाठवू नकोस. सकाळीच मिलवॉकीला झेलिन्स्कीबाईंना फोन केला होता. त्या वर्षाची एक त्यांच्याकडे निघाली. आमच्या सगळ्या चांदण्यांचे मिळून त्यांनी जेवढे पैसे सांगितले होते, तेवढ्याला ही एक. विकायला गेलं की कवडी, घ्यायला गेलं की सोनं! मी घेतली. खोका कोरा आहे, एक कोपराही दुमडलेला नाही, वेगळा नीट बांधून पाठवू का, असं बाई विचारत होत्या. म्हटलं, खोका तुमच्याकडेच ठेवा बाई, आमच्या घरात तो कुणाला लागत नाही. व्हर्नाला सांगू नकोस. यंदा तिला चांदणी थेट हातात द्यायची आहे.