शूटिंगसाठी सडा

४ सप्टेंबर १९८२

ही डायरी उद्धवनं दिली. म्हणाला, आजी, मनात येईल ते यात लिहीत जा, म्हणजे शूटिंगच्या वेळी तोंडावाटे येणार नाही. नातवाचा केवढा जीव माझ्यावर! माझी शाळा तिसरीपर्यंत, पण अक्षर मोठ्ठं आहे, चष्मा लागत नाही.

उद्धव सिनेमा काढतोय. नाचगाण्याचा नव्हे, खऱ्या माणसांचा. डॉक्युमेंटरी. पाठीशी शेठ नाही, कंपनी नाही, सगळं स्वतःच्या हिमतीवर. विषय, फौजेतले धर्मगुरू. म्हणजे पलटणीचे पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री. आमचे हे उभा जन्म पलटणीत पंडितजी होते. तेव्हा सिनेमा आमच्यावरच म्हणायचा.

एकच अडचण. नांदेडचे रिटायर ग्रंथी एवढे बोलले की सगळी रिळं तेच घेऊन बसले. आता एक रीळ उरलंय, दहा मिनिटांचं. आणि ह्यांनी घरी आल्यापासून पलटणीबद्दल चकार शब्द काढलेला नाही. उद्धव काळजीत. म्हटलं, माझ्यावर सोड. ह्यांचं मन मला पाण्यासारखं दिसतं.

पाणी म्हटल्यावर आठवलं, आडाला ते नाहीच. पंधरा ऑगस्टला नवा लातूर जिल्हा झाला, आमचं अहमदपूर त्यात आलं, पेढे वाटले. शेजारची भामाबाई म्हणाली, काकू, जिल्हा इकडं आला आन् पाऊस तिकडंच उस्मानाबादेत राहिला की वो.

संकल्प : कमी बोलणे.

६ सप्टेंबर

चहाच्या वेळी सहज विचारते असं दाखवून विचारलं, तिकडे लढाईत काय काय झालं हो? म्हणाले, उगीच कशाला. कपबशी ठेवली आणि त्यांच्या मित्राच्या, मन्मथच्या मळ्यात निघून गेले. लाजतात. लग्नातही असेच लाजत होते.

९ सप्टेंबर

कॅमेरावाला आला. विरूपाक्ष, उदगीरकडचा. मला अज्जी म्हणतो. मुलगा गुणी आहे, दोन वेळा भाकरी मागून घेतली. कॅमेरा उसना आहे, अठरा तारखेला परत गेलाच पाहिजे.

आज नुसती तालीम. उद्धवनं ह्यांना विचारलं, तिकडे भीती वाटायची का? हे विचार करून राहिले. वेळ फुकट चाललेला बघून मी उत्तर दिलं. सांगितलं की ह्यांना फक्त पालीची भीती वाटते. हे उठून गेले. विरूपाक्ष म्हणाला, बरं झालं कॅमेरा बंद होता. खरंच, चांगली उत्तरं मी राखूनच ठेवली पाहिजेत.

१३ सप्टेंबर

आज वाईट झालं. जेवताना उद्धव म्हणाला, आजोबा, एकदाच बोला. हे म्हणाले, त्या पोरांचा तमाशा करायचा नाही मला. ताटावरून उठले. ह्यांना अन्न टाकताना मी पहिल्यांदा बघितलं.

उद्धवही जेवला नाही. मोरीशी उभा राहून हळूच म्हणाला, आजी, आजोबा नसले तर सिनेमा नाहीच. ग्रंथीजींनी सांगितलं होतं, वर बर्फात एकाच माणसाला सगळ्या धर्मांचं करावं लागलं, त्यांना जाऊन विचारा. ते आपले आजोबाच. विरूपाक्ष बॅग भरायला लागला होता. मी त्याची बॅग कपाटात घातली आणि किल्ली कनवटीला लावली.

१५ सप्टेंबर

मार्ग निघाला! मीच काढला. सर्वपित्रीला हे मागच्या अंगणात तर्पणाला बसतात. दर वर्षी बसतात आणि अख्खी दुपार घालवतात. दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या, कितीसा वेळ लागावा? मला वाटतं मंत्र विसरतात, पुन्हा पुन्हा सुरुवात करतात. मी बिचारी जेवायला हाका मारून बेजार होते. उद्धवला म्हटलं, तेच घे ना. त्यानं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, लांबून घे. मी बोलणार नाही.

नुसते ओठ हलताना दिसतील. मागून मी माहिती सांगेन.

१६ सप्टेंबर

कमाल झाली. हे या वयात चालत मन्मथच्या विहिरीवर गेले. तळातलं पाणी शेंदून, खांद्यावर भरली घागर घेऊन आले. ओलं फडकं बांधून देवघराच्या कोपऱ्यात ठेवली. भामाबाईनं तांब्याभर मागितलं तर नाही म्हणाले. कुणाला नाही न म्हणणारा माणूस!

मी काय ते ओळखलं. अंगणात ही एवढी धूळ आणि उद्या शूटिंग. बायकोला सडा घाल म्हणून सांगायला लाजले. आतून हौस आहेच.

१७ सप्टेंबर, सकाळ

पहाटे सगळी घागर शिंपली. काय सुंदर सडा बसला! वर गोपद्मं काढली. भामाबाई कुंपणावरून ओरडली, काकू, पितरपाटात रांगोळी? येड लागलंय का? म्हटलं, सिनेमात चालते.

हिरवं लुगडं नेसून तयार आहे.

१७ सप्टेंबर, दुपार

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

हे धोतर नेसून आले. बोटात दर्भ, वाटीत काळे तीळ. घागर उचलली. हलकी लागली. पालथी करून बघितली. मी म्हटलं, बघा तर कसा सडा झालाय. ह्यांनी बघितलं नाही. म्हटलं, टँकर येईलच की चारला. उद्धवचा चेहरा पांढराफटक. एवढी शांतता सिनेमाला बरी नव्हे, म्हणून मी बोलत राहिले. उन्हाचं, तुळशीचं, भामाबाईच्या सुनेच्या मुरगळलेल्या पायाचं. उद्धवनं मला हात जोडले. विरूपाक्षनं कॅमेरा सुरू केला.

हे खाली बसले. रांगोळीवरच. ओल्या मातीवर तीळ टाकले, तळवा दाबून धरला आणि म्हणाले, केरबा. मुदखेडचा. मी मनात म्हटलं, आमच्या घराण्यात केरबा कोण?

तळवा उचलून पुन्हा दाबला. साहेबराव. बुद्धाचा होता, मला येत होतं तेवढं त्रिशरण म्हटलं. पुन्हा तळवा. युसूफ. मौलवी खाली तळावर, रस्ता बंद. कलमा मीच म्हटला, चुकला असेल तर माफ कर. एकेक नाव. आवाज वर नाही, खाली नाही. मग म्हणाले, वर बर्फ होता, पाणी नव्हतं. शेवटी तोंडात घालायला पाणी नव्हतं रे पोरांनो. म्हणून इथं देतो. आज इथंही नाही.

मला कसंतरीच झालं. म्हणून विचारलं, चहा टाकू का?

ते पुढची नावं घेत राहिले. रीळ संपलं, नावं संपली नव्हती.

कोणी काही म्हणो, सडा मी घातला म्हणून हे बोलले. पण उद्धवला हे अजून सांगितलेलं नाही.

२७ फेब्रुवारी १९८३, लातूर

आज शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. तेच हिरवं लुगडं. भामाबाई माझ्या शेजारी.

ग्रंथी दिसले. टँकरची रांग दिसली. रांगेत भामाबाई, अख्खी, कळशीसकट! मग आमचं अंगण. पडद्यावर ह्यांचं नाव आलं. मी काही ते घेत नाही, पण वाचलं. मी कुठे? कोपऱ्यात रिकामी घागर आणि तिच्याशेजारी माझे दोन पाय. भामाबाई म्हणाली, काकू, टाचा लई फुटल्यात वो.

नावं सुरू झाली तसा हॉल गप्प. आणि मध्येच माझा आवाज, केवढा मोठा, चहा टाकू का. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.

बाहेर उद्धवला विचारलं, ते काढून का नाही टाकलं? म्हणाला, आजी, काढता येईना. तुझ्या आवाजाखाली एक नाव गेलंय. शंभरदा ऐकलं, कळत नाही. आणि आजोबांना पुन्हा विचारायची माझी छाती नाही.

येताना एसटीत ह्यांच्या शेजारी बसले. लातूर ते अहमदपूर. खिडकीतून सगळं वाळलेलं.

१ मार्च

ह्यांना विचारलं, चहाखाली कोण गेला?

म्हणाले, पंढरी. अर्धापूरचा. केळीच्या बागेत वाढलेला, त्याला बर्फाचं लई नवल. मग सांगत गेले.

मध्ये भामाबाई आली, विरजण मागायला. तिला म्हटलं, नंतर ये, हे बोलून राहिलेत.