बेसबॉलमधले हे

मंगळवार, दिवाबत्तीनंतर

डोकं भणभणून राहिलं त्या रश्मीच्या कम्प्युटरातल्या बेसबॉलनं. सारे खेळाडू खोटे, कम्प्युटर आपल्याच मनानं अख्खा सीझन खेळवते. पोट्टीनं त्यातल्या एकाले आपल्या बापाचं नाव देलं. आमचे हे जाऊन वर्ष झालं, अन् तिथं ब्याट घेऊन उभे!

बॉल यायच्या आधी तो उजवा खांदा उचलते. आमचे हे दुकानाचं शटर उघडायच्या आधी उचलत, तसाच. काहून? म्या तर कोणाले सांगतलं नव्हतं. रश्मी म्हणे, "मम्मी, सब प्लेयर ऐसे ही करते हैं." म्या बाकीचे पाह्यले. खरंच, सारेच करतात. तरी काटा आला अंगावर.

आज सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू निवडायचा होता. रश्मीच्या दोस्तांची मतं बरोबरीत पडली, अर्धी ह्यायले, अर्धी एका उंच बॉल फेकणाऱ्याले. रश्मीचं एकच बाकी.

"पापा जीते तो इज्जत से रिटायर कर दूँगी. नहीं तो एक साल और खेलेंगे. वोट तुम दो."

वर्षभर मीच ओरडून राहिली, बंद कर हे भूत. पडद्यावर त्यानं पुन्हा खांदा उचलला. म्या बोट त्या उंच्यावर ठेवलं.

"पापा को नहीं?"

"काही भारी नाही खेळला तुझा बाप."

 पोट्टी हळूच म्हणे, "नया सीझन कब शुरू करूँ?"

म्या म्हटलं, उद्याच कर.