ओसरीवरचा वर्ग

माघ वद्य पंचमी, शके १८७०

प्रिय मुनवर,

गुलबर्ग्यात थोरल्या बहिणीच्या हातचं खाऊन तू सुखात असशील. मैमुनाबींच्या हाताची चव मला ठाऊक आहे, म्हणून तुझी तब्येत विचारत नाही. माझी विचारशील, तर षड्रिपूंपैकी पाच जण माझ्याकडं पाहुण्यासारखे येऊन गेले. सहावा, मत्सर, घरजावई होऊन बसला आहे. आणि त्याला रोज जेवू घालणारा तू.

मठात संस्कृत शिकून मी कचेरीत आलो तेव्हा निजामाचं राज्य, दफ्तर सगळं उर्दू. माझ्या विद्येला तिथं कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. तूच मला ओसरीवर बसवलंस. अलिफ-बे घोकायला लावलं नाहीस, अर्ज घेऊन आलेला शेतकरी समोर बसवलास आणि म्हणालास, “शास्त्री, ज्याचा अर्ज त्यालाच वाचून समजावून सांग. तो ‘व्हय’ म्हणाला की तू पास.” तेव्हापासून मी तुझा ऋणी आहे, आणि तेव्हापासूनच तुझ्यावर जळतो. ही दोन्ही कामं एकाच माणसाला जमतात, शास्त्राचा विरोध नाही.

आता राज्य पालटलं, दफ्तर मराठी झालं, आणि नव्या तहसीलदारांनी जुन्या उर्दू कारकुनांना पाडव्यापर्यंत मुदत दिली: मराठी वाचा, नाहीतर घरी बसा. तुला दोन्ही लिप्या येतात, म्हणून फकीरमियाँ, बंडप्पा, सगळी पिकल्या मिशांची मंडळी मराठी शिकायला तुझ्याभोवती ओसरीवर जमली. त्यांचं हसणं आत माझ्या मेजापर्यंत यायचं. शिकताना माणसं हसतात कशाला, हे मला मठात कुणी सांगितलं नव्हतं. मग साहेबांना वाटलं, मराठी शिकवायला संस्कृतवालाच हवा, आणि वर्ग माझ्याकडं आला. तू ‘मुबारक’ म्हणालास, रजा टाकलीस, गेलास. निदान तोंड तरी वाकडं करून जायचंस! मला थोडा आनंद झाला असता.

वर्ग मी आतल्या खोलीत नेला. ओसरीवर वारा फार, आणि तुझी आठवणही. मठाची रीत लावली: मी म्हणायचं, त्यांनी एका सुरात मागून म्हणायचं. काय सूर लागायचा, मुनवर! घरी शिवगंगेला ऐटीत सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “अन् मुनवरभावजी कवा येणार हायत?”

परवा साहेब वर्ग पाहायला आले. बेंबळीच्या हरणाबाई विहिरीचा अर्ज घेऊन दारात उभ्याच होत्या. साहेबांनी तो फकीरमियाँच्या हाती दिला. मियाँनी कागद छातीशी धरला, डोळे मिटले आणि माझा पहिला धडा तोंडपाठ म्हणून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. हरणाबाई म्हणाल्या, “आरं बाबा, माजी इहीर कुठं ऱ्हायली त्यात?” मग बंडप्पानं कागद घेतला. अडखळला, घामाघूम झाला, पण विहीर, बांध, भावकीचं भांडण, सगळं वाचून काढलं. म्हातारी म्हणाली, “व्हय, ह्येच माजं गाऱ्हानं.” कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. बंडप्पानं आधी माझ्याकडं भीत भीत पाहिलं, मग खरं सांगितलं: “मुनवरसाहेबांनी. ओसरीवर.”

मुनवर, माझ्या हाताखालचं माणूस माझ्यादेखत पास झालं आणि मी चुलीतल्या कोळशासारखा बसून होतो.

साहेब गेल्यावर फकीरमियाँ माझ्यापाशी आले. घरी त्यांच्या बीबी, बिस्मिल्लाबी, अंथरुणाला खिळलेल्या, हे तुला माहीत आहे. “शास्त्रीजी, हमको कुछ आता नहीं क्या?” एवढंच विचारलं. त्यांना येत नाही असं नव्हे, मला शिकवता येत नाही, हे त्यांना न सांगता तुला लिहितो आहे.

काल साहेबांनी मला बोलावून विचारलं, मुनवरला परत बोलवावं का? ‘तो तिकडंच रमला’ हे वाक्य ओठांवर तयार होतं. गेल्या भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, तेव्हापासून बाजारात लोक तुझ्याशी कसं बोलतात ते मी पाहिलं आहे. तू येणार नाहीस म्हटलं असतं, तर त्यांनाही पटलं असतं. मी म्हणालो, पत्र मी लिहितो. पाडवा जवळ आला. तू आलास तर मियाँ वाचतील. नाही आलास तर घरी बसतील, आणि त्यांना बसवणारा मी असेन. सतरंजी आज पुन्हा ओसरीवर टाकली आहे. हेवा सोडतो असं म्हणत नाही, वर्ग सोडतो. तेवढ्यावर ये.

तुझाच, जळका,
कल्याणप्पा