तळ्याखालचा थर

प्रिय दादा,

परवा वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या तुझ्या घरून भरल्या ताटावरून उठले, त्याचा वहिनीला राग आला असेल. तिला सांग, स्वयंपाकात काही खोट नव्हती. उठण्याचं कारण वेगळं होतं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एक रोपवाटिकावाल्या बाई आल्या. रोपांच्या पानांची टोकं जळत होती. आम्ही नेहमीचंच सांगितलं, खत कमी करा. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. तुमच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांची जमीन. वाफ्यात पाणी ओतलं तर मुरेना, वर करडी साय धरून बसलं. हातभर खणलं, एक गांडूळ दिसलं नाही. मातीत जीव असतो असं मी रोज कागदावर लिहिते. मेलेली माती हाताला कशी लागते ते त्या दिवशी कळलं. बोटं तीनदा धुतली, तरी चिकट वाटत राहिली.

विहिरीच्या पाण्यात बोरॉन निघालं, त्यानंच पानं जळतात. आणि आर्सेनिक, ते तर विषच. बाई तेच पाणी पितात. त्यांच्या तळहातांवर मोहरीएवढ्या कडक गाठी आहेत, आर्सेनिक अंगात भिनलं की उठतात तशा. कुदळीचे घट्टे असतील, असं त्या म्हणाल्या आणि मी मान डोलावली. माझी मलाच किळस आली.

राख वरून सुकली की लोकांना वाटतं, संपलं. पण पाऊस तिच्यातून झिरपतो, विष विरघळवून खाली नेतो आणि जमिनीखालचं पाणी ते घेऊन उताराला चालत राहतं. म्हणून तळ्याखाली जाड प्लास्टिकचा थर अंथरायचा असतो. कागदोपत्री तो नऊ वर्षांपूर्वी अंथरलाय. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याखाली तुझी सही. शेवटचं अक्षर लांब ओढायची खोड शाळेपासूनची, लगेच ओळखली. तळ्याचा काठ जिथं खचलाय तिथं मी उतरून पाहिलं. वर राख, खाली थेट माती. मध्ये काही नाही.

तरी मी मनातल्या मनात तुझी वकिली करत होते. तुला फसवलं असेल, न बघता सही केली असशील. लहानपणी माझं दूध गरम तर नाही ना, म्हणून आधी स्वतः चाखून बघणारा तू. तेच विचारायला परवा आले, तर तू शांतपणे म्हणालास, "वीज सगळ्यांना हवी, राख कुणालाच नको. कुठंतरी पडणारच ना ती?" बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त शिसारी आली. तरी जेवायला बसले. पाण्यासाठी नळाखाली पेला धरला, तर वहिनी धावत आली. "ते नको हो वन्सं, इथल्या बोअरचं ते, यांनी सात वर्षांपूर्वीच प्यायचं बंद करायला लावलंय. आपलं बाटल्यांचंच."

सात वर्षं, दादा. म्हणजे तुला ठाऊक होतं. आपल्या घरापुरतं.

सोमवारी मी अहवाल वरच्या कार्यालयात देणार आहे. नुसत्या माझ्या आकड्यांवर ते वर्षभर नमुनेच घेत बसतील आणि तोवर बाई तेच पाणी पीत राहतील. पण सात वर्षांपूर्वी तुला जे कळलं ते पाणी तपासल्याशिवाय कळलं नसणार. त्या नोंदी तुझ्याकडे असतील. तू कागद फाडणारा नाहीस. त्या घेऊन सकाळी दहाला तिथं ये आणि स्वतःच्या हातानं दे. आसपासच्या विहिरी त्याच दिवशी बंद होतील. नोकरी जाईल, कदाचित चौकशीही लागेल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझ्या बाजूनं नाही, शेजारी. नाही आलास तरी तुझी सही अहवालात आहेच. ते परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे लिहिलं.

अजूनही तुझीच,
धाकटी